चिठ्ठीत नसलेलं वाक्य

वटार, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सालोमी,

सवयीनं वर ‘प्रभूची शांती’ लिहिलं होतं. तो कागद फाडला. या घरात सध्या ती नाही, तर तुला कुठून पाठवू?

शुक्रवारी तू ऑस्करला घेऊन माहेरी गेलीस तेव्हा मी शाळेत होते. परत आले तर वर तुमच्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप. समोरच्या लेस्टरनं सांगितलं, रिक्षात ऑस्करच्या दोन्ही उश्या होत्या. उश्या नेल्या म्हणजे चार दिवसांसाठी गेली नाहीस, एवढं मला कळलं. फोन तू घेत नाहीस. ऑस्करनंही केलेला नाही. म्हणून हे पत्र. तुझी आई मंगळवारी आगाशीच्या बाजारात भाजी घेऊन बसते, तिच्या हाती देईन.

तू जाताना लेस्टरच्या बायकोला म्हणालीस म्हणे, “नणंदेनं माझ्या नवऱ्याला देवळातून मरणाची चिठ्ठी वाचून दाखवली.” सालोमी, हे खरं नाही. काय झालं ते एकदा नीट लिहून काढते.

देवळात दर बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेत लोकांच्या चिठ्ठ्यांतल्या विनंत्या वाचायचं काम माझ्याकडे नऊ वर्षं आहे. चार वाजता मी पेटी उघडते, चिठ्ठ्या काढते, नावं गाळते, एकसारख्या विनंत्या एकत्र करते आणि स्वच्छ मराठीत एका कागदावर उतरवते. चिठ्ठ्या आहेत तशा वाचल्या तर लोक हसतील. मागच्याच महिन्यात एकीनं लिहिलं होतं, ‘सुनेला सद्बुद्धी दे’, आणि दुसरीनं, ‘सासूला दे’. कागद एकाच वहीतून फाडलेले होते.

जूनमध्ये फादर एरॉल मला म्हणाले, “क्लेमेंटीन, या विनंत्या ऐकताना मला किराणा दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. दोन किलो हे, अर्धा किलो ते. देवाची इच्छा म्हणून काही असते, हे लोकांच्या कानावर पडू दे.” तेव्हापासून मी प्रत्येक विनंतीच्या शेवटी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ जोडते. तुझ्या चिठ्ठीलाही जोडलं. एवढंच.

ऑस्कर घरी फोनवर नोव्हेनाचं थेट प्रक्षेपण ऐकतोय, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सप्टेंबरमध्ये आपल्या दोघींना बाजूला घेऊन जे सांगितलं, की आजार यकृतात पसरलाय, केमोनं फक्त काही महिने वाढतील, ते त्याला कळू द्यायचं नाही हे आपलं ठरलं होतं. मी तो शब्द पाळला होता. त्याच्याबरोबर केमोला मीच जात होते, दर तिसऱ्या गुरुवारी, सात वेळा. सप्टेंबरनंतरच्या तीन फेऱ्यांत तोंडातून काही निघालं नाही.

तू रागावली आहेस, हे समजू शकते. पण मी काय केलं, ते तरी बरोबर लक्षात ठेव.

तुझी,
क्लेमेंटीन


बुधवार, १९ नोव्हेंबर

प्रिय सालोमी,

काल बाजारात तुझ्या आईकडे, बेटीमावशींकडे गेले. त्यांनी वालाच्या शेंगांवरून मान वर केली नाही.

“मावशी, पत्र दिलंत का?”

“दिलं.”

“वाचलं तिनं?”

“दोनदा वाचलं. डाळ करपली. आम्ही सगळ्यांनी करपलेली डाळ खाल्ली, तुझ्या अक्षरामुळे.”

“काही म्हणाली?”

“म्हणाली, सांगा त्यांना, खोटं लिहिलंय.” मग शेंगा तोलता तोलता त्या म्हणाल्या, “मास्तरीणबाय, मला वाचता येत नाही म्हणून मी सुखी. तुम्ही शिकलेल्या बायका एकमेकींना कागदावर मारता. आणि टपालवाली मी.”

त्यांनी अर्धा किलो शेंगा मला घ्यायला लावल्या. चार घरी आल्यावर सोलल्या, बाकीच्या तशाच आहेत.

सालोमी, खोटं आहे. पूर्ण खोटं नाही, हे लिहायला हात शिवशिवतोय, पण तीही पळवाटच.

तुझी चिठ्ठी माझ्याकडे आहे. वाचलेल्या चिठ्ठ्या मी फाडून टाकते, तुझी टाकली नाही. तिच्यात होतं: ‘माझ्या नवऱ्याला बरं कर. पूर्ण. अर्धं नको.’ नाव नव्हतं, पण तुझं अक्षर मी वीस वर्षं दुधाच्या हिशेबाच्या पाटीवर बघते आहे.

मी कागदावर लिहिलं, आणि वाचलं ते असं: ‘कर्करोगानं आजारी असलेल्या एका भावासाठी. प्रभू, त्याला बरं कर. आणि तुझी इच्छा वेगळी असेल, तर येणारं मरण शांतपणे स्वीकारण्याचं बळ त्याला आणि त्याच्या घराला दे.’

त्या दिवशी पेटीत सत्तावीस चिठ्ठ्या होत्या. कॅनडाच्या व्हिसाला, नवऱ्याच्या दारूला, बारावीच्या टक्क्यांना, सगळ्यांना मी ते नेहमीचं वाक्य लावलं. तुझ्या एकटीच्या चिठ्ठीला दुसरं. ‘मरण’ हा शब्द सत्तावीसपैकी एकाही चिठ्ठीत नव्हता.

तरीही कुणाला काही कळलं नसतं. आपल्या धर्मग्रामात आजारी माणसं काय एक आहेत? पण ‘येणारं मरण’ म्हणताना माझा आवाज गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी दोन वेळा खाकरले, समोरच्या बाकांवरच्या बायका मान वळवून तुझ्याकडे बघू लागल्या. तू मान खाली घातलीस. मग मी पुढचा व्हिसा वाचला.

पुढचं आपल्या दोघींनाही पाठ आहे. आपण देवळातून घरी येतो तर ऑस्कर वरच्या गॅलरीत उभा, हातात फोन. त्यानं मला काहीच विचारलं नाही. तुला विचारलं, “किती महिने म्हणाले?” आणि तू, जी त्याच्या समोर आठ महिने हसत होतीस, तुला त्या क्षणी हसता आलं नाही.

मी माफी मागत नाही अजून. काय केलं ते मला अजून पूर्ण कळलेलं नाही. अर्धवट माफी मागून तू दिलीस, तर मी तिथेच थांबेन, हे मला माझं ठाऊक आहे.

क्लेमेंटीन


रविवार, ३० नोव्हेंबर
आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय सालोमी,

बेटीमावशींनी सांगितलं, ऑस्करनं केमो थांबवला. वीस तारखेची फेरी चुकवली आणि हॉस्पिटलला फोन करून सांगितलं, येणार नाही.

ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते लिहिते. मला वाटलं, त्यानं देवाची इच्छा स्वीकारली. म्हणजे त्या वाक्याचा काही उपयोग झाला. बाजारातून तिठ्यापर्यंत चालत येईस्तोवर मी जवळजवळ आनंदात होते. तिठ्यावर मला माझी किळस आली.

मी एक वही ठेवते, तुला माहीत आहे. तू तिला ‘देवाचं प्रगतिपुस्तक’ म्हणायचीस. तिच्यात रोज कुणासाठी काय मागितलं ते लिहिते, आणि ते मिळालं का तेही. परवा बसून एप्रिलपासूनची पानं वाचली. एप्रिल, मे, जून, जुलै: रोज ऑस्कर. ‘गाठ विरघळू दे.’ ‘रिपोर्ट चांगला येऊ दे.’ ऑगस्टमध्ये दोन ठिकाणी अक्षर ओलं होऊन पसरलंय. अकरा सप्टेंबरला डॉक्टर बोलले. बारा सप्टेंबरपासून एकाही पानावर तो बरा होऊ दे असं नाही. ‘तुझी इच्छा होवो’ आहे. रोज, सुवाच्य अक्षरात.

मला वाटत होतं, मी प्रार्थनेत पुढे गेले. तू अजून हट्ट धरून बसली आहेस, मी मात्र सोपवून मोकळी झाले. तुझी चिठ्ठी पेटीतून काढली तेव्हा मला तुझी कीव आली होती. हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलंय. आता राहू दे.

खरं असं आहे की मी घाबरले. मागितलं आणि देव नाही म्हणाला तर? मग त्या नकाराचं काय करायचं? त्यापेक्षा मागणंच सोडलं, आणि त्याला नम्रता म्हटलं. सोपवलं नाही मी, सालोमी. सोडलं. आणि दमलेही होते. गुरुवारी पहाटे निघायचं, दिवसभर त्या बाकड्यावर बसायचं, येताना त्याला उलट्या, शुक्रवारी शाळा. सप्टेंबरनंतर मनात कुठेतरी होतं, की हे संपू दे. त्या इच्छेला मी देवाच्या अंगावरचे कपडे घातले आणि वेदीवरून वाचून दाखवलं.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं, तो नोव्हेना ऐकतो हे मला माहीत नव्हतं. माहीत होतं. ऑगस्टपासून त्याला देवळाच्या पायऱ्या झेपत नव्हत्या, फोनवर नोव्हेना लावून द्यायला मीच शिकवलं. त्याला सांगायला हवं असं मला वाटत होतं आणि तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. ते वाक्य मी ठरवून त्याच्यासाठी लिहिलं का? शपथेवर नाही म्हणता येत नाही. हो म्हणतानाही खोटं वाटतं. पापनिवेदनाला फादर एरॉलना हेच सांगितलं. ते म्हणाले, “ते किराण्याचं मी बोलायला नको होतं.” मला त्यांची चूक नको होती, माझी हवी होती. तसं म्हटलं तर म्हणाले, “चुकीतही तुला वाटेकरी चालत नाही का?”

येताना मनात गेथशेमनीची बाग होती, क्रुसावर जाण्याआधीच्या रात्री येशूनं प्रार्थना केली ती. आयुष्यभर मी ती ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ यासाठीच वाचली. त्याच्या आधीचं मी भराभर वाचून पुढे जाते. आधी तो घामाघूम होऊन म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. स्पष्ट मागतो. एकदा नाही, पुन्हा जाऊन मागतो. आणि दुसरं वाक्य तो स्वतः म्हणतो, स्वतःच्या प्याल्याबद्दल. शिष्यांपैकी कुणी झाडाआडून ते त्याच्या वतीनं म्हटलं असतं, तर? पेत्रानं म्हटलं असतं, ‘प्रभू, याला मरण स्वीकारायचं बळ दे’? ते झोपले, हे त्यापेक्षा बरं.

मी तुझं मागणं तुझ्या हातून घेतलं आणि त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलं. ही माफी त्याबद्दल आहे. आता मागते.

ऑस्करला एकदा भेटू दे. त्यानं केमो माझ्या वाक्यामुळे सोडला असेल, तर त्याला सांगायला हवं की ते देवाचं वाक्य नव्हतं, माझं होतं. उशीर होण्याआधी. ओट्याच्या खाली उभी राहून सांगेन आणि निघून जाईन, चहासुद्धा नको.

क्लेमेंटीन


सोमवार, ८ डिसेंबर

प्रिय सालोमी,

बेटीमावशी मंगळवारी म्हणाल्या, “ये म्हणते. पण देवळातलं तोंड घेऊन येऊ नकोस म्हणते.” काल आले ते कुठलं तोंड घेऊन, मला माहीत नाही. तू दार उघडलंस आणि “ताई, चपला आत काढा, कुत्रा नेतो,” एवढंच बोललीस. मग टोपली घेऊन वाडीत गेलीस ती दीड तास आली नाहीस. आम्हाला एकटं सोडायला गेलीस की मला टाळायला, ते विचारत नाही. त्या दीड तासात काय झालं ते तुला सांगायचंय. तुझ्या पाठीमागे तुझ्या घराबद्दल आता काही ठेवायचं नाही.

तो ओट्यावर खुर्चीत होता. एवढ्या दिवसांत मनगटं किती बारीक झाली. मी पायरीवर बसले. पाठ केलेलं सगळं विसरले.

तोच म्हणाला, “काय मास्तरीण, माझा निकाल परत वाचायला आलीस?”

मी म्हटलं, “ऑस्कर, ते वाक्य—”

“दीडशे माणसांसमोर सांगितलंस. मी पायजम्यात होतो गं. दाढीसुद्धा केली नव्हती.”

मी रडायला लागले, तो हसायला लागला, मग त्याला खोकला आला. पाणी दिलं. त्याला म्हटलं, “कळलं ते बरं झालं की वाईट?”

“अजून ठरवता आलं नाही,” तो म्हणाला. “कधी वाटतं बरं झालं. मध्येच रात्री सालोमीचा श्वास ऐकतो, ती झोपलेली नसते, तेव्हा वाटतं, नको होतं कळायला. पण तू तोंडावर सांगायला हवं होतंस, ताई. मी तुझा भाऊ. मी काय बुधवारचा श्रोता?”

मग मी ते विचारलं, ज्यासाठी आले होते. “केमो माझ्यामुळे सोडलास का? देवाची इच्छा समजून?”

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला की बघायचा, तसा.

“देवाची इच्छा?” तो म्हणाला. “मला काय माहीत त्याची इच्छा? त्यानं मला सांगितलेली नाही. मी केमो सोडला कारण त्यानं तोंडाची चव जाते आणि पायात उभं राहायचं बळ राहत नाही. जे काय दिवस आहेत ते मला सासूच्या हातचं खायचं आहे आणि त्या केळीपर्यंत चालत जायचं आहे. काल गेलो. सालोमी मागनं खुर्ची घेऊन येत होती, मिरवणुकीसारखी.”

“म्हणजे तू स्वीकारलंस.”

“कोण म्हणालं?” तो एकदम रागावला. “मी रोज मागतो. सकाळी उठलो की पहिलं तेच. मला जगायचंय, मला बरं कर. त्याला कंटाळा आला असेल ऐकून. तू काय मागतेस माझ्यासाठी?”

सालोमी, तिथे खोटं बोलणं किती सोपं होतं. एका आजारी माणसाला दिलासा, कुणी पाप म्हटलं नसतं.

मी म्हटलं, “सप्टेंबरपासून मी मागितलं नाही.”

“काहीच?”

“‘तुझी इच्छा होवो’, एवढंच.”

बेटीमावशी आत भाकरी थापत होत्या, तो आवाज थांबला, म्हणजे त्याही ऐकत होत्या.

मग तो म्हणाला, “मरणारा मी. मी अजून मागतोय. आणि तू माझ्या आधी दमलीस?”

ओरडला नाही. नवल वाटल्यासारखं म्हणाला. त्यानंतर आम्ही लेस्टरच्या नव्या गाडीबद्दल बोललो, चाफ्याला यंदा कळ्या किती आहेत त्याबद्दल बोललो. तू भाजी घेऊन आलीस तेव्हा आम्ही त्यावरच बोलत होतो, म्हणून तुला काही झालं असं वाटलं नसेल.

मी बुधवारचं वाचन सोडलं आहे. फादर एरॉलना सांगितलं, पुढच्या वाचकाला चिठ्ठ्या आहेत तशा वाचू द्या, लोक हसले तर हसू द्या. शिक्षा म्हणून सोडलं नाही. मला काही दिवस खालच्या बाकावर बसायचंय.

आज देवळात सणाची सहाची मिस्सा होती. मी मागच्या बाकावर गुडघे टेकले. वही नेली नव्हती. देवाला म्हटलं, तुझी इच्छा काय ती तुझ्याजवळ आहे, वेळ येईल तेव्हा तू सांगशील आणि मला ती ऐकावी लागेल. पण माझी तुझ्यापासून लपवून मी तुझ्यासमोर उभी राहणार नाही. मला माझा भाऊ हवाय. त्याला बरं कर.

पुढे काही जोडायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

मला वाटलं होतं, मागितल्यावर हलकं वाटेल. उलट झालं. उठता येईना, शेजारच्या बाईनं हात दिला. मनात एकच होतं. हे तू आठ महिने रोज करत होतीस. सकाळी त्याची पेज करून, त्याच्यासमोर हसून, आणि चिठ्ठी घेऊन पायऱ्या चढून. आणि मी वर उभी राहून तुझी कीव करत होते.

नाताळपर्यंत शाळा दुपारी सुटते. गुरुवारी अडीचच्या बसनं येईन. मी त्याच्यापाशी बसेन. तू आत जाऊन झोप.

ताई